तेहतीस अनारसे आणि एक पेनल्टी

चेंडू पंकजच्या खांद्याला लागला की हाताला, हा प्रश्न चिचखेड्यात कुणाला पडलाच नाही. तो खांद्यालाच लागला होता. गावातल्या चारशे माणसांनी तो खांद्याला लागताना डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्यातली अडीचशे माणसं त्या दिवशी सामन्याला गेलीसुद्धा नव्हती. तरीही शेवटच्या मिनिटाला पंच लखन सरांनी शिट्टी फुंकली, बोट पेनल्टीच्या खुणेकडे केलं, आणि मंडल चषक, म्हणजे तालुक्याचा कप, सलग पाचव्या वर्षी सिरसगुड्याच्या कपाटात गेला.

सुधाकररावांना हरण्याची तशी सवय होती. गावच्या फुटबॉल क्लबाचे ते अकरा वर्षांपासूनचे अध्यक्ष. एवढ्या काळात क्लबानं एकच गोष्ट जिंकली होती, ती म्हणजे शिस्तीचं प्रशस्तिपत्र, आणि ते मिळालं त्या वर्षी निम्मा संघ वरातीत नाचत असल्यामुळे सामन्याला पोचलाच नव्हता. पण यंदाचं हरणं अंगाशी येणारं होतं. क्लबाचं मैदान म्हणजे सुधाकररावांचीच सडकेलगतची दोन एकर जमीन, आणि त्यांच्या पत्नी जयवंताबाईंनी पाडव्यालाच बजावून ठेवलं होतं.

"अकरा साल झाले," त्या म्हणाल्या होत्या, "सारं गाव कापूस वेचते अन् आपल्या दोन एकरात पोट्टे लाथा झाडतेत. यंदा कप आना. नाई आनला, तर मृग लागला का त्यात ट्रॅक्टर घालतो मी, अन् कपाशी लावतो."

जयवंताबाईंचं बोलणं म्हणजे जमिनीच्या पहाणीत चढलेली नोंद. पटवारी बदलतील, सरकारं बदलतील, ती काही बदलायची नाही. आणि मृगाला आता फक्त पंधरा दिवस उरले होते.

हरलेला संघ ट्रॉलीत बसून परत निघाला, तेव्हा डोमाजींनी मोबाइल पुढे केला. डोमाजी हे सुधाकररावांचे शेजारी. तहसील कचेरीत बत्तीस वर्षं चपराशी होते, त्यामुळे कायदा त्यांना तोंडपाठ होता, निदान दाराबाहेरून ऐकू येतो तेवढा. मोबाइलमध्ये फोटो होता तो सामन्याच्या अर्धा तास आधीचा. लखन सरांच्या कपाळाला कुंकवाचा टिळा, अंगात घडी न मोडलेला निळा शर्ट, बोटात नवी अंगठी, आणि काखेत स्टीलचा डबा.

"डब्यात अनारसे हायेत," डोमाजी म्हणाले. "तेहतीस. म्या झाकन उघडून पाह्यलं."

त्यांनी नुसतं पाहिलं नव्हतं. एक अनारसा पुरावा म्हणून रुमालात बांधून आणला होता.

मग सगळ्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंदा अधिक महिना, म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी येणाऱ्या या महिन्यात लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचं जेवण घालायचं, कपडे आणि तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. लखन सर हे झेडपी शाळेतले खेळाचे मास्तर, त्यांची बायको मयूरी सिरसगुड्याची, आणि सासरवाडीनं मुहूर्त काढला होता तो नेमका सामन्याच्या दिवशी दुपारचा. म्हणजे पंच पुरण चापून, सासऱ्याचा शर्ट घालून, सासऱ्याच्या अंगणातून थेट मैदानात उतरला होता.

"लाच," सुधाकरराव म्हणाले. सबंध ट्रॉलीनं तो शब्द उचलला आणि गाव येईपर्यंत खाली ठेवला नाही.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर लखन सरांचा जो उद्धार झाला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. त्यांची शिट्टी, त्यांची नजर, त्यांचे पूर्वज, त्यांची सासरवाडी, सगळ्यांची विचारपूस झाली. पंच्याऐंशी वर्षांच्या ताराबाई पाराच्या कडेला बसल्या होत्या. त्यांनी तर कुणाला द्यायच्या हे न विचारताच चार शिव्या दिल्या. कुणी म्हणालं सिरसगुड्याचे गोलपोस्ट उपटून आणा. कुणी म्हणालं सगळ्या संघानं मुंडण करा. पंकज म्हणाला, "काका, माह्या खांद्यावर अजून डाग हाय चेंडूचा," आणि त्यानं सदरा काढून दाखवला. डाग सापडला नाही, पण पंकज घरी जाऊन आंघोळ करून आला होता म्हणून, असं ठरलं.

"असं वरडून काई होत नाई," डोमाजी म्हणाले. "दरखास्त लागते, गवाह लागते अन् मुद्देमाल लागते. तीन चिजा असल्या का फैसला आपला."

उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंट तरी लागतो. डोमाजींना तोही लागत नसे. तरी सुधाकररावांना हा सल्ला पटला, कारण दुसरा कुठलाच सल्ला मृगाच्या आत पार पडण्यासारखा नव्हता. दरखास्त, मग फेरसामना, मग कप, मग मैदान. मनातल्या मनात त्यांनी ट्रॅक्टर परत पाठवलासुद्धा.

सोमवारी आदिलाबादला कलेक्टर कचेरीत प्रजावाणी असते. लोक तिथं रस्ता, पेन्शन, रेशनकार्ड अशी दुःखं घेऊन येतात. सुधाकरराव पेनल्टी घेऊन गेले. तेलंगणातली कचेरी, अर्ज तेलुगूत हवा, म्हणून फाटकाबाहेरच्या लिहिणाऱ्याला गाठलं. त्याला फुटबॉल समजला, लाच समजली, पण अनारसा काही समजेना. शेवटी डोमाजींनी रुमाल सोडून दाखवला, तेव्हा तो म्हणाला, "अरे, अरिसेलु!" आणि त्यानं लिहिलं की सदर पंचानं तेहतीस अरिसेलु घेऊन एक पेनल्टी दिली. सुधाकररावांना तेलुगू वाचता येत नव्हतं, पण अक्षरं गोल आणि भारदस्त होती, त्यामुळे आपल्यावरचा अन्याय चांगलाच मोठा दिसतो आहे याचं त्यांना समाधान वाटलं.

टेबलामागे भाग्यश्री मॅडम बसल्या होत्या. त्या वांकिडीकडच्या, मराठीच बोलणाऱ्या. त्यांनी अर्ज एकदा वाचला, मग पाणी पिऊन पुन्हा वाचला.

"काका, संगणकात जमीन हाय, पेन्शन हाय, पाणी हाय. फुटबॉल नाई. 'इतर'मधे टाकू का?"

"'इतर'मधी नोका टाकू," डोमाजी घाईनं म्हणाले. "बत्तीस साल 'इतर'चे कागद म्याच बांधून माळ्यावर टाकले."

शेवटी पंच हे सरकारी शिक्षक, म्हणून शिक्षण खात्याखाली नोंद झाली. मॅडमनी विचारलं, "सोबत पुरावा जोडला म्हनता, कुठं हाय?" डोमाजींनी रुमाल सोडला. आत अर्धाच अनारसा होता. रांगेत तीन तास उभं राहून त्यांची साखर उतरली होती, आणि त्यांनी अर्धाच खाल्ला, हे खरं तर त्यांच्या सचोटीचं लक्षण म्हणायला हवं. सुधाकररावांची मान मात्र खाली गेली. मॅडमनी हसू ओठांत दाबून नोंद केली: अनारसा, नग अर्धा.

गुरुवारी नागनाथ सर स्कूटरवरून चिचखेड्यात आले. ते लखन सरांच्या शाळेचे हेडमास्तर आणि स्पर्धा समितीचेही अध्यक्ष. अहवाल लिहायचं काम फिरत फिरत त्यांच्याच गळ्यात पडलं होतं. सुधाकररावांच्या ओसरीवर बसून त्यांनी कागदांची पिशवी उघडली.

"आमा बौद्धांच्या घरी धोंडा नसते," ते म्हणाले. "म्हनून दोन्ही गावांनी मले निष्पक्ष ठरवलं. आता पस्तावून राह्यलो. सुधाकरराव, तुमचं म्हननं असं, का सासऱ्याचं जेवून सरकारी मानसानं ड्यूटी केली तर थो पक्षपात?"

"सरळच हाय," सुधाकरराव म्हणाले.

"बरं. मागच्या शनवारी वादळानं सात गावची लाईन गेली. पहिल्यांदा कोनत्या गावची आली?"

"आमची." सुधाकररावांच्या आवाजात थोडा अभिमान आला.

"लाईनमन कोन?"

सुधाकरराव उठून पाण्याचा तांब्या शोधू लागले. लाईनमन त्यांचे धाकटे जावई होते. शनिवारी दुपारी याच ओसरीवर त्यांचं धोंड्याचं जेवण झालं होतं, आणि हात धुऊन ते थेट चिचखेड्याच्या डीपीवर चढले होते. बाकीची सहा गावं रात्रभर डास मारत बसली होती.

"लिवू का?" नागनाथ सरांनी पेनाचं टोपण काढलं.

आतून जयवंताबाईंचा आवाज आला, "माह्या जवायाचं नाव कागदावर आलं, तर मृगाची वाट पाहनार नाई मी. आजच ट्रॅक्टर आनतो."

दरखास्त मागे घेतल्याच्या कागदावर सुधाकररावांनी सही केली. स्वतःच्या हातानं स्वतःच्या अन्यायाचं विसर्जन करताना त्यांना भरून आलं. पण इकडे एक नवलच घडलं होतं. अर्ध्या अनारशाची गोष्ट आदिलाबादच्या बसमधून मंडलभर झाली होती, आणि सिरसगुड्याची पोरं जिथं जातील तिथं लोक त्यांना 'अनारसेवाले' म्हणू लागले होते. बाजारात विक्रेते त्यांना वजनकाटा दाखवून विचारत, "कप मोजून घेतला का?" वैतागून सिरसगुड्यानंच फेरसामना मागितला. सात जूनचा रविवार ठरला, मैदान चिचखेड्याचं. दुसऱ्या दिवशी मृग होता.

आता अडचण उरली पंचाची. मंडलात ऑफसाइड समजणारी माणसं चार. एक सिरसगुड्याकडूनच खेळत होता. दुसऱ्याची बहीण चिचखेड्यात दिलेली. तिसरा मंचेरियलच्या कोळसा खाणीत नोकरीला, त्याला फोन केला, तर त्याच्या पोराची सोयरीक नेमकी सिरसगुड्यातच बघणं चालू होतं. चौथे लखन सर. चार दिवस पारावर असा माणूस शोधणं चाललं की ज्याचं दोन्ही गावांत कुणी नाही. असा माणूस निघाला नाही. आणि मग ताराबाई, ज्यांना ऐकू कमी येतं म्हणून कुणी काही विचारत नसे, त्या म्हणाल्या, "काऊन शोधून राह्यले रे बाप्पा? थो लखन आपलाबी जवाईच हाय."

पारावरच्या सगळ्या माना ताराबाईंकडे वळल्या.

"मयूरीची माय कोन? चंदा. चंदा कोनाची लेक? तुह्या धाकट्या चुलत्याची, सुधाकर. तुही बहीन. मंग मयूरी तुही भाची, अन् लखन तुहा भाचजवाई. तुमीबी धोंडा जेवू घाला, दोनी गावं बरोबर झाले."

सुधाकररावांना आधी हसू आलं, आणि मग आलं नाही. चंदा सिरसगुड्यात दिली होती हे त्यांना ठाऊक होतं. चुलता-चुलती गेले, घर बंद पडलं, आणि मग तिला माहेरी बोलवायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही. किती वर्षं झाली, हे मोजायला त्यांना लाज वाटली. पंचाची सासरवाडी पारावर उद्धरताना आपण आपल्याच घरापर्यंत पोचलो होतो, हेही ध्यानात आलं.

नागनाथ सरांनी तोडगा मान्य केला. सिरसगुड्यानं अट घातली की वाण त्यांच्याइतकंच हवं, जास्त नाही, कमी नाही. त्यांचा एक माणूस नमुन्याचा अनारसा घेऊन आला, जयवंताबाईंच्या अनारशाशेजारी ठेवून त्यानं गोलाई ताडून पाहिली आणि जाताना दोन्ही खाऊन गेला. जयवंताबाईंनी तीन दिवस तांदूळ भिजवला, वाळवला, कुटला, गुळात मळून ठेवला, आणि कढईसमोर बसून तेहतीस अनारसे तळले. कप येवो न येवो, माझा अनारसा सिरसगुड्याच्या अनारशापेक्षा जाळीदार झाला पाहिजे, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. ट्रॅक्टर मात्र रविवारी दुपारीच मैदानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन उभा राहिला. त्यांनी तो आधीच सांगून ठेवला होता.

रविवारी दुपारी लखन सर मयूरी आणि सासूबाईंना घेऊन आले. चंदाबाई उंबऱ्याशी थबकल्या. "दादा, बोलावलं बाप्पा तुमी," एवढंच म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. सुधाकररावांनी पुढे होऊन तिच्या हातातली पिशवी घेतली. फुटबॉलच्या निमित्तानं का होईना, बहीण घरी आली, याचा त्यांना मनापासून आनंद झाला.

आनंद टिकला परात पुढे येईपर्यंत. जावयाचे पाय धुवायचे होते. ज्या पायांना पारावर दोन आठवडे नाना विशेषणं लावली, तेच पाय परातीत ठेवून सुधाकरराव तांब्यानं पाणी घालू लागले. दारातून निम्मं गाव बघत होतं. लखन सर संकोचून वाकले आणि हळूच म्हणाले, "मामाजी, एक सांगू? थो हातालेच लागला होता."

"दुसरा पाय ठेवा," सुधाकरराव म्हणाले.

सामना पाच वाजता सुरू झाला. लखन सरांच्या अंगात चिचखेड्याचा पांढरा शर्ट होता. त्यावर सिरसगुड्यानं हरकत घेतली, तेव्हा पहिला हाफ पांढऱ्या शर्टात आणि दुसरा निळ्या शर्टात, असा निवाडा नागनाथ सरांनी दिला. पोटात पुरण आणि डोक्यावर ऊन, त्यामुळे लखन सर पळत नव्हते. मैदानाच्या मधोमध उभे राहून ते चेंडूकडे नुसते वळत होते.

आणि मग चिचखेड्याला कळलं की आपण काय करून बसलो. जावयाला शिवी देता येत नाही. धोंड्याच्या महिन्यात तर नाहीच, त्या दिवसांत तो नारायणाच्या जागी असतो. तिकडे सिरसगुड्याचीही तीच गत, तेही सासरवाडीच. लखन सर चुकले की मैदानाच्या दोन्ही कडांनी दीर्घ श्वास ऐकू येई, आणि मग कुणीतरी दात-ओठ खात म्हणे, "जवाईबापू, थो ऑफसाइड होता नं, जरा मेहरबानी करून पाह्यत जा." डोमाजींचा चेहरा जांभळा झाला होता. ते हात जोडून ओरडले, "हुजूर, चष्मा घेऊन देऊ का तुमाले, आपल्या गावाकडून, आहेर म्हनून?" एक तरणा पोरगा रागानं तीनदा उठला आणि तिन्ही वेळा नमस्कार करून खाली बसला. दोन गावं मिळून तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात होती.

जयवंताबाई अकरा वर्षांत पहिल्यांदा मैदानावर आल्या होत्या, त्याही जावयाचा डबा परत न्यायला. आधी त्या पाठ करून बसल्या. मग तिरक्या बसल्या. पंकजनं पहिला गोल मारला तेव्हा त्या उभ्या होत्या, आणि सिरसगुड्यानं तो फेडला तेव्हा त्यांनी शेजारणीचा दंड असा धरला की ती कळवळली.

शेवटची दोन मिनिटं उरली. एकास एक. सुधाकरराव आपल्या गोलच्या मागे, बांबूला धरून उभे होते. सिरसगुड्याच्या पोरानं जोरात फटका मारला, गोलकीपरच्या पुढे पंकज आडवा झेपावला, आणि चेंडू अडला. दहा हातांवरून सुधाकररावांनी पाहिलं. हाताला लागला होता. पाचही बोटं उघडी होती.

शिट्टी वाजली. निळ्या शर्टातल्या लखन सरांनी बोट पेनल्टीच्या खुणेकडे केलं.

चिचखेड्याच्या बाजूला कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. सभ्य भाषेत जे काही होतं ते संपलं होतं, आणि उरलं होतं ते बोलायची सोय नव्हती. त्या शांततेत जयवंताबाई पदर खोचून, रिकामा डबा हातात घेऊन मैदानाच्या मधोमध चालत गेल्या.

"खांद्याले लागला," त्या म्हणाल्या.

"मामीजी, हाताले लागला."

"म्या तीन दिवस तांदूळ भिजवला. तेहतीसच्या तेहतीस खाल्ले तुमी. अन् तुमाले मानसाचा हात कोनता अन् खांदा कोनता, कळत नाई?"

सासूच्या जागी असलेल्या बाईला जावयाला बोलायचा हक्क असतो. चिचखेड्यानं इतक्या मोठ्यानं श्वास सोडला की धुऱ्यावरचे बगळे उडाले. लखन सर घामाघूम झाले, त्यांनी खाली वाकून मामीजींना नमस्कार केला, पण बोट तिथंच राहिलं. पेनल्टी झाली. गोल झाला. कप पाच वर्षांत सहाव्यांदा सिरसगुड्याला गेला.

सुधाकररावांनी बांबूवर कपाळ टेकवलं. अकरा वर्षं डोळ्यांपुढून गेली. उद्या मृग, आणि या गोलच्या जागी कपाशीची ओळ. तेवढ्यात जयवंताबाई धुऱ्याकडे निघालेल्या दिसल्या. ट्रॅक्टरवाल्यानं चावी फिरवली.

"बंद कर थो," जयवंताबाई त्याला म्हणाल्या. "घेऊन जा घरी. नांगराचं येक तासबी नाई लागनार इथं. कपाशी लावून मी काय या लोकायले जिंकू देऊ? पुढल्या साली याच जागी पाडतो सिरसगुड्याले. जागा कमी पडते पोट्ट्याइले पळाले, थो बाजूचा तुकडाबी घ्या." मग त्या वळल्या आणि सगळ्या गावासमोर नवऱ्याला विचारलं, "तुमी तं गोलामागं होते. सांगा बरं. खांद्याले लागला का नाई?"

सुधाकररावांनी ट्रॅक्टरकडे पाहिलं. दोन एकराकडे पाहिलं. चंदाबाईंशेजारी उभं राहून पाणी पिणाऱ्या लखन सरांकडे पाहिलं. लखन सरांनी तांब्या खाली घेतला आणि मामाजी काय म्हणतात ते ऐकायला थांबले.

"खांद्याले," सुधाकरराव म्हणाले.

 लखन सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि तांब्या पुन्हा तोंडाला लावला. ट्रॅक्टर वळून गावाच्या रस्त्याला लागला.